खोळंबा कोठें होतो?

मुळशी तालुक्यांत भाताची लावणी चालूं असतां चार माणसें रोपें उपटून मुठी बांधतात व वीस बायका चिखलांत उभ्या राहून तीं लावितात. मुठी वेळेवर पोंचल्या नाहींत म्हणजे वीसहि जणींचे हात थांबतात. अशा वेळीं आणखी दहा बायका बोलाविल्यानें काय साधणार? अडचण खाचरांत नसून रोपांच्या वाफ्यावर आहे, हें आधीं कळावयास हवें.

त्याच तालुक्यांतील पावसाचा अंदाज पुण्यास पाषाण येथील उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेच्या महासंगणकावर मांडतात, तेथेंहि प्रश्न हाच. पुण्यास ही विद्या नवी नव्हे. सी-डॅकनें ६४ प्रोसेसरांचा ‘परम ८०००’ हा संगणक १९९१ सालींच उभा केला होता. या संस्थेंत २०१८ सालीं ‘प्रत्यूष’ व २०२४ सालीं ‘अर्क’ आला. अशा यंत्रांत हजारों प्रोसेसर एकाच गणितावर राबतात. पौडास रिमझिम व ताम्हिणीस मुसळधार, हा भेद दिसावा म्हणून वातावरणाचे बारीक भाग पाडावे लागतात. २०२५ सालच्या भारत फोरकास्ट सिस्टिममध्यें असा भाग सुमारें ६ किलोमीटरांचा आहे. भाग बारीक झाले कीं आंकडेमोड अफाट वाढते, आणि उद्यांचा अंदाज तर आजच हातीं यावयास हवा. परवां मिळालेला काय कामाचा?

हे भाग प्रोसेसरांत वांटून देतात. परंतु सगळ्यांचें ओझें सारखें नसतें. दाट ढगांचें गणित जड, निरभ्र आकाशाचें हलकें. प्रत्येक टप्प्यास शेजाऱ्यांनीं आपले आंकडे एकमेकांस कळवावयाचे असल्यानें हलकें काम झालेला प्रोसेसर जड कामवाल्यासाठीं ताटकळतो. मौज अशी, कीं ताटकळणारा प्रोसेसर ‘निरोप आला काय?’ असें अखंड विचारीत राहतो, म्हणून बाहेरून पाहणाऱ्यास तो पूर्ण कामांत गढलेला दिसतो!

हें सोंग उघडें पाडणारीं साधनें मुख्यतः दोन प्रकारचीं. ‘प्रोफायलर’ हा कोणत्या कामांत एकंदर किती वेळ गेला याची बेरीज देतो; बर्कले येथील ‘जीप्रॉफ’ १९८२ सालचा. पण बेरजेवरून कोण कोणासाठीं थांबला हें कळत नाहीं. त्यासाठीं ‘ट्रेसर’ लागतो. तो प्रत्येक निरोप केव्हां निघाला व केव्हां पोंचला याची नोंद ठेवितो. ‘व्हॅम्पिर’ या नोंदींवरून प्रत्येक प्रोसेसरची वेळेची पट्टी काढून दाखवितो. ‘स्कॅलास्का’ तर खोळंब्याच्या जागा स्वतःच हुडकतो. मात्र नोंद ठेवण्यासहि वेळ लागतो आणि हजारों प्रोसेसरांच्या नोंदींचा डोंगर होतो. म्हणून जाणते लोक प्रथम बेरीज पाहतात व संशयास्पद तुकड्याचीच बारीक नोंद घेतात.

खोळंबा सांपडला कीं कामाची वांटणी पुन्हां करितां येते. तरीहि कांहीं काम वांटतांच येत नाहीं. अमदाल यांनीं १९६७ सालीं मांडलेल्या युक्तिवादाप्रमाणें दहावा हिस्सा एकट्यानेंच करावयाचा असेल, तर प्रोसेसर कितीहि जोडले तरी वेग दसपटीपलीकडे जात नाहीं.