चेटकिणी त्याच, मुलं मोठी झाली

16 जुलै 1993. अमेरिकेत मुलांचे दोन चित्रपट एकाच दिवशी लागले. व्हेल आणि एका एकाकी मुलाच्या मैत्रीचा ‘फ्री विली’ आणि डिस्नेचा ‘होकस पोकस’. दोन्हींच्या कादंबऱ्याही दुकानांत आल्या आणि त्या एकाच माणसाने लिहिल्या होत्या : टॉड स्ट्रासर. ‘होम अलोन’ची कादंबरीही त्याचीच.

चित्रपटावरून कादंबरी लिहिणे हा तेव्हा घड्याळाशी बांधलेला धंदा होता. चित्रपट तयार होत असतानाच लेखकाच्या हाती पटकथा पडे. पुस्तक प्रदर्शनाच्या सुमारास बाजारात यायला हवे, म्हणून पडद्यावर पुढे कापलेला एखादा प्रसंग पुस्तकात तसाच राहून जाई. पात्रे आणि कथा यांवर मालकी स्टुडिओची. तरीही पुस्तकाला काम होते. थिएटरातून उतरलेला चित्रपट व्हिडिओ कॅसेटवर येईपर्यंत मुलांनी तो पुन्हा अनुभवायचा, तर हाताशी पुस्तकच होते.

‘होकस पोकस’मध्ये सॅंडरसन नावाच्या तीन चेटकीण बहिणी मुलांचे प्राण शोषून तरुण राहतात. 1693 मध्ये सेलम गावात त्यांना फाशी दिली जाते. तीनशे वर्षांनी हॅलोविनच्या रात्री मॅक्स हा मुलगा एक मेणबत्ती पेटवतो आणि त्या परततात. नवे जग त्यांना उमगत नाही. झाडू सापडत नाही, म्हणून एक बहीण चक्क व्हॅक्यूम क्लीनरवर बसून उडते. खऱ्या सेलममध्ये 1692 च्या चेटूक खटल्यांत 19 निरपराध माणसे फासावर गेली होती. डिस्नेने त्या गावाच्या नावाभोवती विनोदी भयकथा रचली.

31 ऑक्टोबरच्या हॅलोविन सणाचा हा चित्रपट जुलैत लावणे म्हणजे वैशाखात आकाशकंदील विकायला बसणे. सुमारे 2 कोटी 80 लाख डॉलर खर्चून बनलेल्या चित्रपटाने अमेरिकेत जेमतेम 3 कोटी 95 लाखांची तिकिटे विकली. थिएटरांचा वाटा आणि जाहिरातीचा खर्च वजा करता डिस्नेच्या पदरी तोटाच पडला. चित्रपटाला तारले टीव्हीने. दर ऑक्टोबरात तो पुन्हा पुन्हा दाखवला गेला आणि एक अख्खी पिढी त्याच्यासोबत वाढली. त्यात मोठा वाटा असलेली वाहिनी पुढे ‘फ्रीफॉर्म’ झाली.

2018 मध्ये, चित्रपटाच्या पंचविशीला, ‘फ्रीफॉर्म’ याच नावाच्या प्रकाशनाने ए. डब्ल्यू. जॅन्था यांचे जाडजूड पुस्तक आणले. त्याचा पहिला भाग मूळ चित्रपटाची कादंबरी आणि दुसरा नवी कथा. मॅक्स आणि चित्रपटात त्याच्यासोबत असलेली ॲलिसन आता नवराबायको आहेत आणि त्यांची सतरा वर्षांची मुलगी पॉपी त्याच चेटकिणींच्या तावडीत सापडते. ही रचना हुशार आहे. 1993 मध्ये दहा वर्षांचा असलेला प्रेक्षक 2018 मध्ये पस्तिशीचा होता. पहिला भाग त्याच्यासाठी, दुसरा त्याच्या मुलांसाठी.

2022 मध्ये ‘होकस पोकस 2’ ओटीटीवर आला, पण त्याने हे पुस्तक बाजूला ठेवले. चेटकिणी झालेल्या बेट मिडलर, सारा जेसिका पार्कर आणि कॅथी नाजिमी या तिघी परतल्या. मॅक्स, त्याची धाकटी बहीण डॅनी आणि ॲलिसन मात्र कुठेच नाहीत. त्यांच्या जागी नव्या मुली आल्या. मोठ्या झालेल्या त्या मुलांची दखल घेतली ती पुस्तकानेच.

त्याच वर्षी आणखी एक पुस्तक आले : शी अर्नशॉ यांचे ‘लाँग लिव्ह द पम्पकिन क्वीन’. हे 1993 च्याच ‘द नाइटमेअर बिफोर ख्रिसमस’चे पुढचे पान. हेन्री सेलिकने बाहुल्यांची एकेक हालचाल टिपून केलेला तो चित्रपट डिस्नेने तेव्हा टचस्टोन या नावाखाली काढला. त्यातली सॅली ही चिंध्यांची बाहुली. खिडकीतून उडी मारते, हातपाय निखळतात आणि ती सुईदोरा घेऊन स्वतःला पुन्हा शिवते. संकट येणार हे तिला आधीच दिसते, पण तिचे कोणी ऐकत नाही. शेवटी नायक जॅक तिला भेटतो आणि चित्रपट संपतो. तिला स्वतःला काय हवे, हा प्रश्न तसाच राहतो.

अर्नशॉ तिथूनच सुरुवात करतात. सॅलीचे जॅकशी लग्न झाले आहे, राणीपद अंगावर बसत नाही आणि कथा ती स्वतः सांगते. एका विसरलेल्या दारातून ती स्वप्नांच्या गावात पोहोचते. तिथे तिला कळते की चित्रपटात तिचा निर्माता असलेल्या शास्त्रज्ञ फिंकेलस्टाइनने आपल्याला घडवलेले नाही, पळवून आणलेले आहे. हा धक्का चित्रपटप्रेमींपैकी अनेकांना रुचणार नाही. स्वतःला शिवणाऱ्या बाहुलीला आईवडील मिळाले की तिचे एकटेपण थोडे स्वस्त होते, असे मलाही वाटते. पण लेखिकेने धोका पत्करला.

जॅन्था यांनी तो टाळला. चित्रपट न पाहिलेल्या मुलाला त्यांचे पुस्तक सोयीचे, कारण सारे पहिल्यापासून सांगितलेले आहे. मात्र पॉपीच्या वाट्याला वडिलांचीच रात्र पुन्हा येते. आज चित्रपट हवा तेव्हा पाहता येतो, त्यामुळे स्ट्रासरच्या पुस्तकाने केलेले काम आता उरलेले नाही. नव्या पुस्तकाकडे मागायचे ते एवढेच : कॅमेऱ्याने सोडून दिलेल्या माणसांपैकी कोणाला तरी बोलू द्या. डिस्नेच्या कपाटात अशी माणसे अजून पुष्कळ आहेत.