शासकीय निधीच्या दोन वाटा : संस्थेकडे आणि विद्यार्थ्याकडे

दहावी उत्तीर्ण होऊन आपल्या वसतिगृहाचा निरोप घेणाऱ्या विद्यार्थ्यापुढे साधारणपणे तीन रस्ते असतात : महाविद्यालय, औद्योगिक प्रशिक्षण संस्था (आयटीआय) किंवा थेट मोलमजुरी. यांतील पहिले दोन रस्ते खुले राहतात ते बहुतांशी शासकीय निधीमुळे. हा निधी कोठून येतो, कोणाच्या हाती पडतो आणि वाटेत कोठे अडतो, याची माहिती मात्र आपल्या घरांतून क्वचितच असते. ती करून देणे एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

उच्च शिक्षणावरील शासकीय खर्च दोन वाटांनी होतो. एक वाट संस्थेकडे जाते. तिच्यातून इमारती, प्रयोगशाळा, ग्रंथालये आणि प्राध्यापकांचे वेतन उभे राहते. दुसरी वाट विद्यार्थ्याकडे येते. तिच्यातून शुल्क, निर्वाह आणि निवास यांचा खर्च भागतो. प्रयोगशाळा सुसज्ज असूनही शुल्क परवडत नसेल, तर गरिबाच्या मुलास ते दार बंदच राहते. उलट शिष्यवृत्ती मिळाली, परंतु महाविद्यालयात प्राध्यापक नाहीत आणि उपकरणे नाहीत, तर हाती येणारी पदवी पोकळ ठरते. म्हणून दोन्ही वाटांवर आपले लक्ष असावयास हवे.

या विचाराची मुळे आपल्याच इतिहासात आहेत. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना १९४२ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लॉर्ड लिनलिथगो यांना अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांविषयी निवेदन दिले. विज्ञान व तंत्रशिक्षणासाठी, तसेच परदेशातील उच्च शिक्षणासाठी शिष्यवृत्त्या द्याव्यात आणि शासकीय छापखाने व रेल्वेच्या कार्यशाळांतून आमच्या तरुणांना उमेदवारी मिळावी, अशा मागण्या त्यात होत्या. विद्यापीठ आणि कारागिरी ही दोन्ही क्षेत्रे बाबासाहेबांनी एकाच वेळी मागितली, हे येथे ध्यानात घेण्याजोगे आहे. १९४४ पासून अनुसूचित जातींसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. धर्मांतरित बौद्धांना मात्र केंद्राच्या सूचीत स्थान मिळण्यासाठी १९९० च्या कायदेशीर दुरुस्तीपर्यंत थांबावे लागले.

आज ही योजना केंद्र व राज्य मिळून चालवितात. डिसेंबर २०२० मधील निर्णयानुसार खर्चाचा ६० टक्के वाटा केंद्राचा व ४० टक्के राज्याचा आहे. पालकांच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख रुपये आहे. त्याहून अधिक उत्पन्न असलेल्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी महाराष्ट्र शासनाची शुल्क प्रतिपूर्ती योजना, म्हणजेच फ्रीशिप, आहे. राज्याने आपला वाटा दिल्यानंतरच केंद्राचा वाटा आधारशी जोडलेल्या विद्यार्थ्याच्या बँक खात्यात जमा होतो. त्यामुळे एका ठिकाणचा विलंब पुढील प्रत्येक टप्प्यावर साचत जातो आणि परीक्षेचा अर्ज भरण्याच्या वेळी महाविद्यालयाची थकबाकी विद्यार्थ्याच्या डोक्यावर येते. उशिरा आलेला पैसा हिशेबात पूर्ण दिसतो. परंतु मध्यंतरी शिक्षण सोडून कामाला लागलेल्या मुलाच्या तो उपयोगी पडत नाही.

येथे पालकांनी एक गोष्ट विशेष जपावी. खात्यात आलेल्या रकमेतील शुल्काचा भाग महाविद्यालयाचा असतो व तो ठरलेल्या मुदतीत भरावा लागतो. घरच्या अडचणीत तो खर्च झाला, तर पुढील वर्षाचा प्रवेश धोक्यात येतो.

निर्वाहासाठी मिळणारी रक्कमही पाहू. २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार वसतिगृहात राहणाऱ्या आयटीआयच्या विद्यार्थ्यास वर्षाला ४,००० रुपये मिळतात, म्हणजे दिवसाला सुमारे ११ रुपये. ही उणीव काही अंशी भरून काढण्यासाठी, शासकीय वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या पात्र विद्यार्थ्यांकरिता राज्याची भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. पात्रतेच्या अटी व शहरानुसार रक्कम बदलते. त्यांची चौकशी जिल्ह्याच्या समाजकल्याण कार्यालयात करावी.

आता संस्थांकडे जाणारी वाट पाहू. आयटीआयमधील कारागीर प्रशिक्षण योजना १९५० पासून चालू आहे. अनेक संस्थांतील यंत्रसामग्री जुनी झाली आहे. मे २०२५ मध्ये केंद्राने १,००० शासकीय आयटीआयच्या सुधारणेसाठी ६० हजार कोटी रुपयांची योजना मंजूर केली. त्यांतील ३० हजार कोटी केंद्राने, २० हजार कोटी राज्यांनी व १० हजार कोटी उद्योगांनी द्यावयाचे आहेत.

राज्य विद्यापीठांसाठी २०१३ मध्ये ‘रुसा’ योजना आली. २०२३ मध्ये तिचे रूपांतर ‘पीएम-उषा’ योजनेत झाले आणि तीन वर्षांसाठी सुमारे १२,९२६ कोटी रुपयांची तरतूद झाली. केंद्रीय संस्थांच्या बांधकामासाठी २०१७ पासून ‘हेफा’ ही वित्तसंस्था अनुदानाऐवजी कर्ज देते. कर्जाच्या मुद्दलाची परतफेड संस्थेने स्वतःच्या उत्पन्नातूनही करावयाची असते आणि अशा उत्पन्नात विद्यार्थ्यांचे शुल्क मोडते. म्हणजे पहिल्या वाटेवरचा पैसा आटला की त्याचा भार दुसऱ्या वाटेवर पडण्याचा संभव असतो.

संशोधनाची स्थिती याहून बिकट आहे. २०२०-२१ मध्ये देशाचा संशोधन व विकासावरील खर्च सकल देशांतर्गत उत्पादनाच्या (जीडीपी) ०.६४ टक्के होता. २०२३ च्या कायद्याने ‘अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठान’ स्थापन झाले. पाच वर्षांत ५० हजार कोटी रुपये उभारण्याचा संकल्प असला, तरी त्यातील मोठा हिस्सा शासनाबाहेरून यावयाचा आहे. आपल्या विद्यार्थ्यांसाठी पीएच.डी.ची वाट मुख्यतः अनुसूचित जातींसाठीच्या राष्ट्रीय अधिछात्रवृत्तीने आणि पुण्याच्या ‘बार्टी’ संस्थेच्या अधिछात्रवृत्तीने खुली केली आहे. संशोधनाचे काम अनेक वर्षांचे असते. अधिछात्रवृत्ती खंडित झाली की संशोधनही थांबते.

अशा स्थितीत समाज म्हणून आपणास काय करता येईल? जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला आणि जात वैधता प्रमाणपत्र यांची तयारी अकरावीपासूनच करावी. ऐन प्रवेशाच्या वेळी धावपळ करू नये. महाडीबीटी संकेतस्थळावरील अर्जाचे दरवर्षी नूतनीकरण करावे. महाविद्यालयात वा शासकीय सेवेत असलेल्या माजी विद्यार्थ्यांनी वर्षातून एक दिवस विद्यालयात येऊन दहावीच्या मुलांचे अर्ज व कागदपत्रे तपासून द्यावीत. शिष्यवृत्ती येईपर्यंतच्या काळासाठी माजी विद्यार्थी संघाने बिनव्याजी परतफेडीचा छोटा निधी उभारला, तर कित्येक मुलांचे वर्ष वाचेल. यासोबतच निधीची तरतूद किती झाली, वितरण किती झाले आणि ते केव्हा झाले, हे तीन प्रश्न आपल्या लोकप्रतिनिधींना दरवर्षी विचारले गेले पाहिजेत. शिष्यवृत्ती हा विद्यार्थ्याचा हक्क आहे. तो वेळेवर पदरात पडेल, हे पाहण्याची जबाबदारी आपणा सर्वांची आहे.