तिन्हीसांजेचे रडणे

दिवेलागणीच्या सुमारास दवाखान्यात येणारे एक कुटुंब आपणा सर्वांच्या परिचयाचे आहे. मुठी आवळून, पाय पोटाशी घेऊन, लालबुंद होऊन रडणारे दीड महिन्याचे बाळ आजींच्या खांद्यावर असते. मागे डोळे सुजलेली आई. हिंगाचा लेप, मीठ-मोहऱ्या, ग्राइप वॉटर आणि आपल्या इंदुरातली जनमघुट्टी, सारे करून झालेले असते.

हाच तो 'कॉलिक'. १९५४ साली वेसेल यांनी त्याचे गणित मांडले : दिवसाला तीन तासांहून अधिक, आठवड्यात तीनहून अधिक दिवस, तीन आठवड्यांहून अधिक काळ. २०१६ च्या रोम निकषांनी रुग्णतपासणीपुरते हे घड्याळ बाजूस ठेवले. रडणे सहाव्या आठवड्याच्या आसपास शिगेस पोहोचते आणि तीन-चार महिन्यांत ओसरते. उमेदीच्या काळात मीही डायसायक्लोमिनचे थेंब लिहून देत असे. श्वास मंदावण्याच्या धोक्यामुळे सहा महिन्यांखालील बाळांना ते आज वर्ज्य आहे.

ताप, हिरवी उलटी, शौचातून रक्त, दूध न ओढणे, जांघेतील फुगवटा यांपैकी काही असेल, तर तो कॉलिक समजू नये. शिवाय बाळाला पूर्ण उघडे करून पाहावे. मी धीर देऊन घरी पाठविलेल्या एका बाळाच्या पायाच्या बोटाला आईचा गळलेला केस करकचून आवळला होता. रात्री तो आजींना दिसला. मोजे काढून पाहण्याचे मी विसरलो होतो!

परंतु मला अधिक अस्वस्थ केले ते एका आईच्या वाक्याने. आजी बाहेर जाताच ती हलकेच म्हणाली, "डॉक्टर, काल वाटलं, याला खाटेवर आपटावं." मी तिला रागावलो नाही. असे मनात येणाऱ्या आया थोड्या नसतात, बोलणाऱ्या थोड्या. तिला सांगितले, तसे वाटले की बाळाला पाळण्यात उताणे ठेवायचे आणि दहा मिनिटे दुसऱ्या खोलीत जायचे. रडल्याने त्याला इजा होत नाही. गदगदा हलविल्याने मात्र मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. मग आजींना आत बोलावून औषधाच्या चिठ्ठीवरच लिहून दिले : रात्री आठ ते दहा बाळ आजींकडे, आईने झोपावे.

दहाव्या आठवड्याच्या लशीला मंडळी पुन्हा आली. रडणे अजून होतेच. बाळ आजींच्या खांद्यावर होते आणि आईने नीट वेणी घातली होती.