रूळ, रस्ता आणि उंबरठा

निजाम संस्थानात १९३२ साली सरकारी बससेवा सुरू झाली ती स्वतंत्र खाते म्हणून नव्हे, तर संस्थानच्या रेल्वेचाच एक विभाग म्हणून. २७ बसगाड्या आणि १६६ कर्मचारी, एवढाच तिचा संसार. रूळ आणि रस्ता एकाच हाती असल्याने दोहोंत चढाओढीऐवजी सांगड घालता येत होती. मला त्या रचनेत मोठे शहाणपण दिसते.

पुढे संस्थान गेले, १९५६ मध्ये मराठवाडाही वेगळा झाला. हैदराबादेत २००३ साली उपनगरी रेल्वे आणि २०१७ साली मेट्रो आली. परंतु प्रवास स्थानकापासून नव्हे, घराच्या उंबरठ्यापासून सुरू होतो, आणि तेथेच आपली वाहतूक तोकडी पडते.

डिसेंबर २०२३ मध्ये तेलंगणात स्त्रियांना सरकारी साध्या व एक्स्प्रेस बसचा प्रवास विनामूल्य झाला. मुलाच्या कॉलेजसाठी भाडे निघते आणि मुलीच्या वेळी हात आखडतो, अशा घरांत याचे मोल काय, ते शिक्षकांना सांगावयास नको. गर्दी वाढल्याची तक्रार मीही ऐकतो. तिच्यावरचा उपाय सवलत काढणे हा नसून गाड्या वाढविणे हा आहे. त्यांतही आधी वस्तीतून स्थानकाकडे जाणाऱ्या, आगगाडीच्या वेळेशी जुळणाऱ्या लहान गाड्या.