दत्तक आणि किल्ला

झाशीचा किल्ला बांधला ओरछ्याच्या बीरसिंहदेव बुंदेल्याने, १६१३ साली. झाशीचं राजघराणं नेवाळकरांचं; ते तिथे आले पेशव्यांचे सुभेदार म्हणून. मूळचे रत्नागिरीकडचे कऱ्हाडे ब्राह्मण.

झाशीचं दत्तक म्हटलं की सगळ्यांना १८५३ आठवतं. पण वारसाचा वाद या घराला नवा नव्हता! १८३५ मध्ये झाशीचे राजे रामचंद्रराव निपुत्रिक वारले, तेव्हाही दत्तक पुढे केला होता. इंग्रजांनी तो नाकारून आधी चुलते रघुनाथराव आणि त्यांच्यानंतर गंगाधरराव यांना गादी दिली.

गंगाधररावांची पहिली पत्नी रमाबाई वारली. १८४२ मध्ये मोरोपंत तांब्यांची मनकर्णिका सून होऊन आली, लक्ष्मीबाई झाली. किल्ल्याजवळच्या गणेश मंदिरात हे लग्न लागलं, असं झाशीकर सांगतात. मुलगा झाला, तो काही महिन्यांतच गेला. मग भाऊबंदांतल्या वासुदेवरावांचा आनंदराव दत्तक घेतला, नाव ठेवलं दामोदर. दुसऱ्याच दिवशी, २१ नोव्हेंबर १८५३ ला, गंगाधरराव गेले.

या वेळी गादीवर बसवायला चुलताही उरला नव्हता. गव्हर्नर-जनरल डलहौसीने दत्तक नाकारून संस्थान खालसा केलं. राणीला वर्षाला साठ हजारांचं पेन्शन देऊ केलं आणि किल्ला सोडायला लावून शहरातल्या राणीमहालात धाडलं.