ट्राम, अलिबाग आणि डोक्यावरची पट्टी

मुंबईत विजेची ट्राम येणार आणि तिच्या विजेने मोजमाप बिघडणार म्हणून पृथ्वीच्या चुंबकत्वाची नोंद १९०४ मध्ये कुलाब्याहून अलिबागला हलवली गेली. घरी न्यूरोफीडबॅक (आपल्याच मेंदूच्या लहरी पाहत त्या बदलायचा सराव) सुरू करणाऱ्याची अडचण त्याच जातीची. डोक्यावरच्या पट्टीला मिळणारा मेंदूचा संकेत जेमतेम १० ते १०० मायक्रोव्होल्टचा. घरातल्या विजेची ५० हर्ट्झची गुणगुण, पापणीची उघडझाप, आवळलेला जबडा त्याला सहज झाकून टाकतात. म्हणून चार्जर काढा, कपाळ पुसा आणि आधी डोळे मिटून पाहा: ८ ते १२ हर्ट्झच्या अल्फा लहरी वाढायला हव्यात. (नुसते डोळे मिटूनही वाढतात, हे जाहिरातवाले सांगत नाहीत!) एकाग्रतेचे दावे कच्चेच, खोट्या फीडबॅकशी तुलना केली की फरक बहुधा उरत नाही. फिट येत असतील तर आधी डॉक्टरांना विचारा.