आजींच्या हातावरचा काळानिळा डाग

समजा, आजी यशवंतपूरच्या वृद्धाश्रमात आहेत. हातावर काळानिळा डाग दिसतो, पण कसा पडला ते कुणालाच ठाऊक नाही. ‘वय झालं, लागलं असेल’ म्हणून सोडून देऊ नका!

अमेरिकेत मेडिकेअर-मेडिकेडचा पैसा घेणाऱ्या नर्सिंग होमना कारण न कळलेली अशी इजाही सरकारला कळवावी लागते. गंभीर दुखापत किंवा छळाचा संशय असेल तर २ तासांत, एरवी २४ तासांत. चौकशीचा अहवाल कामाच्या ५ दिवसांत.

एवढी घाई का? कारण डाग फिका पडतो, ड्युटी बदलते, आजी विसरतात.

म्हणून त्याच दिवशी फोटो काढा, डॉक्टरांना दाखवा, आश्रमाकडून लेखी उत्तर मागा. टाळाटाळ झाली तर ज्येष्ठांची हेल्पलाइन आहेच: बेंगळुरूत १०९०, देशभरात १४५६७.